नाझनीननं माझा आवाज मला ऐकवला

माझा जन्म भिसेगावचा, कर्जतला लागूनच हाय, आता तिथं सगळ्या इमारती झाल्यात, तेवा आमची पंधरा-वीस घरं होती आणि मधे विहार. वडील रेल्वेत गँगमन, रुळावरचं काम, उन्हातान्हाचं. आमी पाच भावंडं, मी दुसरी. सातवीपर्यंत शिकले, हुशार होते असं गुरुजी बोलायचे, पण आई आजारी पडली आणि घरातल्या भाकऱ्या माझ्याकडं आल्या त्या आल्याच. आईचं काय सांगू तुमाला, मला तिचा जेवतानाचा चेहरा आठवत नाय. वाढतानाचा आठवतो, चुलीपुढचा आठवतो, जेवतानाचा म्हणाल तर नाय आठवत, कारण ती जेवायची तेवा आमी अंगणात खेळायला गेलेलो असायचो. तिला काय उरायचं, किती उरायचं, कुणी बघितलंच नाय. वडील वाईट माणूस नव्हते हां, त्यांनी कधी हात उगारला नाय, दारू नाय, पण त्यांनी पण नाय बघितलं.

अठरा संपलं आणि लग्न झालं, साजगावच्या पलीकडं, खालापूर तालुक्यात, इथंच या घरात. मालक कारखान्यात, तीन पाळ्यांची नोकरी. सासूबाई कडक होत्या पण मायाळू. मला पयल्यांदा दिवस गेले तेवा त्या बोलायच्या, सुमन, जास्त खाऊ नको गं, पोट भरून जेवलीस तर मूल मोठं होतं आणि बाळंतपण अवघड जातं. त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलेलं. मी ऐकलं. कोण नाय ऐकणार, मोठं माणूस भल्यासाठीच सांगतंय. सातव्या महिन्यात मी विहिरीवर चक्कर येऊन पडले, आठव्यात मूल झालं, मुलगा होता, एवढासा, नऊ दिवस जगला. सगळे बोलले, आयुष्यच तेवढं होतं. मी पण तेच बोलले. मंग दोन वर्षांनी राहुल झाला आणि ते मागचं मी कुणाकडं काढलंच नाय कधी, मालकांकडं पण नाय.

राहुल शाळेत जायला लागला तेवा गावात अंगणवाडीत मदतनीस पाहिजे होती, मला लावली. तेवापासून तेच काम, मुलांना घरून आणायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची, वजनाच्या दिवशी मुलं काट्यावर धरायची, दंड मोजायची पट्टी लावायची. मुलं काट्यावर रडतात, मी गाणं बोलते, मंग गप होतात. गरोदर बायांना लाल गोळ्या घ्या, पालेभाजी खा, डाळ खा, हे सेविकाबाई सांगतात आणि त्या नसल्या की मी सांगते. इतकी वर्षं सांगितलं की मला झोपेत पण पाठ हाय.

अशात ती पोरगी आली. नाझनीन. शेलूची, तिच्या वडलांचं तिथं रिक्षाचे पार्ट विकायचं दुकान हाय. मुंबईला आहारशास्त्राचं शिकत होती, बीएस्सी झालेली आणि वरचं शिक्षण चालू होतं, शेवटच्या वर्षाला म्हणं गावात राहून काम करायचं आणि त्याचे व्हिडिओ करायचे, गोष्टीसारखे, आरोग्याचे. डिजिटल गोष्टी बोलायची ती. अंगानं बारीक, डोक्यावर ओढणी, पाठीवर ही मोठी बॅग. मी सेविकाबाईंना बोलले, हिलाच दोन घास घाला आधी.

पयले पंधरा दिवस ती एक लांबलचक कागद घेऊन घराघरात फिरली. दिवसातून किती वेळा जेवता, हिरवी भाजी किती वेळा, डाळ किती. सोबत तिच्या कॉलेजातनं आणलेला एक व्हिडिओ, त्यात कोणी डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसून सांगतंय, लोह आणि प्रथिनं. आमच्या बाया बघायच्या, माना हलवायच्या आणि मधेच एखादी पेंगायची. एक दिवस ती पोरगी माझ्या चुलीपाशी येऊन बसली. बोलली, मावशी, सगळ्या बाया बरोबर उत्तरं देतात, रोज भाजी, रोज डाळ, रोज गोळी. मंग मुलांची वजनं का अशी? बायांचं रक्त का कमी? मी खिचडी ढवळत होते, मी बोलले, अगं, ती उत्तरं मीच शिकवलीत त्यांना.

मला वाटलं चिडंल. ती हसली. तो कागद तिनं घडी करून बॅगेत घातला आणि परत काढलेला मी तरी बघितला नाय.

तुमाला सांगते, शिकलेलं माणूस आपलं चुकलं असं मानत नाय लवकर. या पोरीनं मानलं, आणि दुसऱ्या दिवसापासून नुसती येऊन बसायला लागली. हातात फोन, पण खाली ठेवलेला. तांदूळ निवडू लागायची, मुलांची नाकं पुसायची. रमजान लागला तरी यायची, रोजा धरून माझ्या चुलीपुढं. मी बोलायची, लांब बस गं, वास येतोय खिचडीचा, तर बोलायची, मावशी, वासानं रोजा तुटत नाय.

आणि बायांना ती बोलायची, मला माहिती नको, तुमी तुमची एक गोष्ट सांगा, खाण्याची, उपाशी राहण्याची, आजारपणाची, कुठली पण. तीन मिनिटांची. आवाज तुमचा, फोटो तुमचे, तोंड दाखवायचं नसंल तर हात दाखवू, तवा दाखवू. झाल्यावर आधी तुमीच ऐकायची, नको वाटली तर पुसायची. एका बाईनं सगळी सांगितली, ऐकली आणि बोलली पुसून टाक. हिनं तिच्यासमोर पुसली, का म्हणून पण विचारलं नाय. त्या एका गोष्टीनं बायांचा तिच्यावर विश्वास बसला, मी डोळ्यांनी बघितलंय. वरच्या वाडीतली एक कातकरी बाई तर कधी कुणापुढं बोलत नव्हती, तिनं टाकळा सांगितला, कुर्डू सांगितला, कुठं उगवतो, कसा शिजवायचा, आणि शेवटी बोलली, आमी ही भाजी खातो म्हणून शाळेत आमच्या पोरांना हसतात. आता सांगा, मी इतकी वर्षं पालेभाजी खा, पालेभाजी खा करत होते आणि ती खाणाऱ्या पोरांना हसत होतो ते आमीच.

मला पण ती बोलली, मावशी, तुमची गोष्ट? मी बोलले, माझी कसली, मी दुसऱ्यांना शिकवणारी हाय. दोनदा टाळलं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाय. मंग मीच एका दुपारी, मुलं गेलेली, पातेलं घासून पालथं घातलेलं, तिला बोलले, लाव तुझा फोन.

मी सुरुवात केली ती सासूबाईंपासून, जास्त खाऊ नको बोलायच्या तिथनं. विहीर सांगितली. नऊ दिवस सांगितले. रडले नाय, खरं सांगते, एवढ्या वर्षांनी कोरडंच झालं होतं सगळं. पण पुढं तोंडातनं काय निघालं ते मला पण ठाऊक नव्हतं. मी बोलले, आज माझी सून अश्विनी पाच महिन्यांची गरोदर हाय, तिचं रक्त आठाच्या खाली हाय, आणि ती माझ्या घरात सगळ्यात शेवटी जेवते. मी तिला शेवटी जेव असं कधी सांगितलं नाय, पण आधी जेव असं पण कधी सांगितलं नाय. गावातल्या सुनांना सांगते. माझ्या सुनेला नाय सांगितलं.

एवढं बोलून मी थांबले. नाझनीननं फोन बंद केला आणि माझ्या शेजारी सरकून बसली. मंग तिनं माझ्या कानाला ते वायरचं लावलं आणि माझाच आवाज मला ऐकवला. काय सांगू तुमाला, आपला आवाज आपल्यालाच बाहेरून ऐकू आला की तो दुसऱ्या कुणाचा वाटतो, आणि दुसऱ्या बाईची चूक लगेच दिसते. मी बोलले, पूस हे. ती बोलली, पुसते, मावशी, तुमचंच हाय. मंग बोलली, माझ्या फोनमधून आत्ता पुसते, तुमच्या फोनमध्ये ठेवू का? तुमीच ठरवा मंग, आज नको तर उद्या.

तिनं तसंच केलं. मी फोन कमरेला खोचून घरी आले. अश्विनी चहाचं आधण ठेवत होती. ती कर्जतकडची, बारावी झालेली, कमी बोलणारी. मी तिच्या हातात फोन दिला आणि पाठ करून तांदूळ धुवायला लागले, तिच्याकडं बघायची माझी हिंमत नव्हती. आधी ती उभी राहून ऐकत होती, मंग खाली बसल्याचं मला बांगड्यांवरनं कळलं. संपलं. आधण उकळून निम्मं झालं. मंग ती बोलली, आई, मला दुपारी भूक लागते हो. लई लागते.

एवढंच. तक्रार नाय, रडणं नाय. मी तांदळात हात घालून तशीच उभी. इतकी वर्षं लोकांच्या पोरांचे दंड मोजले मी.

मंग हळूहळू सगळंच बाहेर आलं. गोळ्या ती घेत नव्हती, मळमळतं आणि शौचाला काळं होतं म्हणून घाबरली होती, पोह्यांच्या डब्यात लपवून ठेवल्या होत्या. मी रोज विचारायची घेतलीस का, ती हो बोलायची, झालं माझं काम. दुसऱ्या दिवशी नाझनीनला घरी आणली. तिनं तिला समजावलं की काळं होणं म्हणजे काही बिघडलं नाय, गोळी जेवल्यावर घे, लिंबू पीळ भातावर, आणि जेवणावर लगेच चहा नको. नर्सबाईंकडं पण घेऊन गेली. आणि त्या संध्याकाळी मालक कामावरनं आले, राहुल आला, मी सगळी ताटं एकदमच मांडली. मालक बोलले, हे काय आज? मी बोलले, आजपासनं सगळे एकत्र. त्यांनी माझ्याकडं बघितलं, अश्विनीकडं बघितलं, आणि जरा सरकून तिला जागा केली. त्या रात्री मी त्यांना पयल्यांदा त्या नऊ दिवसांचं बोलले. ते बोलले, मला रोज आठवतंय. आमी दोघं तेच धरून बसलो होतो एवढी वर्षं, एकमेकांपासनं लपवून.

आठवड्यानं मी नाझनीनला बोलले, दाखव माझी गोष्ट. अंगणवाडीच्या भिंतीला पांढरी चादर बांधली आणि सगळ्यांच्या गोष्टी लावल्या. यावेळी कुणी पेंगलं नाय. माझी लागली तेवा एक म्हातारी मधेच उठून गेली, मला वाटलं राग आला. चार दिवसांनी तीच सुनेला घेऊन वजनाला आली, सुनेला पुढं केलं. सगळी घरं बदलली असं नाय हां, खोटं कशाला सांगू, अजून दोन घरं अशी हायत की मी गेले की कडी लावतात. नाझनीनच्या सरांनी पण तिला विचारलं म्हणं, यानं फरक पडला ते सिद्ध कसं करणार. ती माझ्याकडं येऊन बसली होती तेवा, तोंड उतरलेलं. पण हरली नाय, परत दोन महिने घरोघरी गेली, ज्यांचं बदललं त्यांचं लिहिलं आणि ज्यांचं नाय बदललं त्यांचं पण तसंच लिहिलं. पास झाली. मला पेढे तिनं शेलूवरनं आणून दिले.

अश्विनीचं रक्त बाळंतपणाआधी दहाच्या वर गेलं होतं. मुलगी झाली, चांगली पावणेतीन किलोची, आता सात महिन्यांची हाय, वरणभात चाटते, मिश्या काढते तोंडाला.

माझी नोकरी आता थोडीच राहिली. नाझनीन दुसऱ्या जिल्ह्यात कामाला लागली, तिकडं डोंगरातल्या पाड्यांवर फिरते, तिथल्या बायांच्या गोष्टी ऐकते. रविवारी फोन करते, मावशी, काय चाललंय, पोर कशी हाय. मी आधी विचारते, जेवलीस का गं? ती बोलते, जेवते मावशी, आधी तुमच्याशी बोलते. मी बोलते, नाय, आधी जेव, सुखी राहा, मंग कर फोन. आणि ठेवून देते.