मिशीआडचं कार्ड

धाराशिवच्या सेवा केंद्रातल्या रांगेत राजेश्वरीच्या पुढं एक म्हातारं जोडपं होतं.

"आजोबा, आयुष्मान कार्डाला चेहरा जुळंना. आधारवरचा माणूस तुम्ही न्हाय," संगणकावरचा पोरगा म्हणाला.

"आरं म्याच हाय! बापाच्या दहाव्याला डोकं, मिशा समदं उतरवलं, अन् दुसऱ्याच दिवशी आधारवाला गावात आला."

"मग बोटं लावा."

"ती ऊस तोडून झिजली."

"अवं, टक्कल तर आता आपसूक पडलंय. मिशा तेवढ्या काढा! हर्नियाचं आपरेशन फुकट हुईल."

"सिते, मिशा बाप मेल्यावर काढत्यात."

"तुम्ही न्हाय काढल्या, तर आपल्या लेकाला, मल्हारला काढाव्या लागतील."

म्हातारा मिशीवरून एकदा हात फिरवत मागं वळला.

"पोरी, हितं न्हावी कुठं हाय गं?"

"समोरच हाय, काका. जावा, तुमचा नंबर म्या धरते."