फवारणीचा पंप अन् माझा रेग्युलेटर

ऐका, मालवणले डायविंगले जाची तयारी चालू होती. पान्याखाली तोंडात धरून श्वास घ्याचा माझा रेग्युलेटर दोन वर्सं कपाटात होता.

बाबा म्हने, "सर्व्हिसिंग केली काय?"

"वापरलाच नाई, तं कायची सर्व्हिसिंग?"

"आपला फवारनीचा पंप आठ महिने खुटीले टांगून रायते. तरी दरसाली त्याचा रबरी वायसर बदलतो. काहून?"

मी रेग्युलेटर पुन्याले धाडला. खोलला तं आतलं रबर तडकलेलं. मेकॅनिक म्हणाला, "वापरा नाहीतर नका वापरू, वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करायचीच."

घरी सांगतलं, तं बाबा हासले. "पडून पडून रबर कडक होतेच. दोन वर्सं झाले, शेती तुमाले देऊन मीबी पडूनच आहो. माझंबी मालवणचं तिकीट काढ."