बशीच्या कडंचा पाला

माजं म्हायेर गुंजवण्याकडलं. लगीन होऊन हितं कामथडीला आले ती पदरात अळूचे कांदे बांधून, कारण आमची भाताची खाचरं धरणात गेली तवा आईनं परड्यातला अळू तेवढा उपटून वर आणला व्हता. त्यो म्या मोरीच्या पाण्यावर लावला. म्हायेरचं म्हणून तेवढंच ऱ्हायलं व्हतं माज्याकडं, आणि काय सांगू तुमाला ताई, ही एवढाली पानं, सगळ्या आळीनं माज्या हातच्या वड्या खाल्ल्यात.

माजा थोरला, संतोष, हायवेवरच्या हाटेलात भटारखान्यात कामाला हाय. म्या बहिणीकडं भोरला गेले व्हते, परत आले तर मोरीवर अळूच न्हाई! सगळा खणून उकिरड्यावर टाकलेला. का रं म्हनलं, तर म्हणतो आये, हितं पार्सली लावायची, इंग्रजी कोथिंबीर असती ती, मालकानं तिचं बी दिलंय. पार्सली! अजून नाव घेतलं की तोंड वाकडं हुतं माजं. लई राग आला, पण नवी नोकरी त्याची, गप बसले.

बी माज्याच हातात दिलं. पेरायच्या आधी कोथिंबिरीचं धनं कसं चपलंखाली रगडून दोन फाका करतो, तसं म्या ह्ये बी रगडलं, तर पार भुगाच झाला. मग त्यानं दुसरं आणलं, रातभर भिजवून पेरलं. आठवडं सरलं तरी कायबी उगवंना. म्हनलं मेलं, बरं झालं. तर मेलं कुठलं, उगावलं. मग लाड बघा त्याचे, मोरीचं साबणाचं पाणी नको, नळाचं घाल, दुपारचं ऊन नको, वर पोतं बांध, कोंबड्या हाकल. लेकरं वाढवताना एवढं केलं न्हाई म्या. वाढलं तवा कोथिंबिरीवाणी मुळासकट उपटून जुडी बांधली, तर संतोष वरडला, आये, भाईरच्या काड्या तेवढ्या खुडायच्या, मदनं परत फुटतं. एक पान चावून बघितलं, शी, गवत चघळल्यावाणी. तरी केलं, पोराचं काम म्हणून केलं.

एक दिवस त्यो पाला घरीच इसरून गेला, म्हणून म्या घेऊन हाटेलाच्या मागल्या दारी गेले. उष्टी ताटं येत व्हती, आणि ताई, एकूणएक बशीच्या कडंला माजी पार्सली तशीच, कुणी तोंड लावलेलं न्हाई, एकानं तर तिच्यावरच सिगरेट इझवलेली. हाडं, चघळलेले तुकडं, त्यातच ती बी बादलीत. आरं ही खात न्हाईत व्हय, म्हनलं. तर संतोष म्हणतो, खायाची नसतीच आये, दिसायला ठेवायची. दिसायला! दिसायला म्हणून माजं म्हायेर उकिरड्यावर टाकलंस व्हय रं मुडद्या? भरल्या भटारखान्यात बोलले.

तिथनं आले ती सरळ उकिरड्यावर, शेणात कोपरापातूर हात घालून उकरलं, तर सगळं सडलं व्हतं, एका कांद्याला तेवढा कोंब व्हता. मोरीवर खड्डा संतोषनंच खणला. आता पार्सली फुटक्या बादलीत हाय, ती तिकडं दारापाशी. किळस येती, पण खुडून देते, पोराची नोकरी हाय, त्याचं भलं होवो. अळूला मातर पिलं आल्यात भरपूर. हा कांदा तुमी न्या ताई, पाण्याकडंला लावा, वड्या करा, पोरंबाळं सुखात ऱ्हावू द्या तुमची. नुस्ता दिसायला ठिवू नगा.