हरणीचा चीक

(महाळुंगे पडवळ. पौषातली सकाळ. गोठ्यात गजराबाई, त्यांची सून प्रांजल आणि नुकतीच व्यालेली घोडी हरणी. मुलगा गोरक्ष टोमॅटो घेऊन नारायणगावला गेलाय, तो फोनवर.)

प्रांजल : आत्या, त्या शिंगराचा दोर सोडा. किती वेळ झाला, गव्हाणीचं लाकूड चाटतंय ते.

गजराबाई : चाटू दे. हरणीची वार पडली न्हाई अजून. वार पडल्याबिगर सडाला लावायचं नसतं. आपल्या गोठ्यात कधी लावलं न्हाई.

प्रांजल : आपल्या गोठ्यात आजवर गायी व्याल्या. घोडी पहिल्यांदा व्यालीय.

गजराबाई : जनावरच की ते बी. अन् तुला गं काय घोड्यातलं? शेणात हात घातलास तो लग्न झाल्यावर.

प्रांजल : घोड्यातलं नाही कळत. बाळंतपणातलं कळतं. शौर्य झाला तेव्हा दवाखान्यात लगेच पाजायला दिला होता मला.

गजराबाई : अन् मी मधाचं बोट घेऊन दारात उभी. त्या नर्सनं मला भाईर काढलं. इसरले न्हाई मी.

प्रांजल : मग नर्सचा राग ह्याच्यावर नका काढू. बघा तरी. मघाशी उठायची धडपड तरी करत होतं, आता मान टाकायला लागलंय.

गजराबाई : गारठ्यानं. अजून एक गोणपाट घाल.

प्रांजल : घातलंय. पुसून कोरडंठाक केलंय. तरी कान गार लागतात. पोटात काही नाही हो त्याच्या.

गजराबाई : मला काय दिसत न्हाई व्हय? पण वार आतच ऱ्हायली तर हरणी जाईल. शिंगरू काय, परत व्हईल. हरणी कुठनं आणू? शर्यतीला घाटात बैलांच्या म्होरं तिला सोडली की सगळं गाव उभं ऱ्हातंय. गोरक्ष दुसऱ्या कुठल्या घोडीवर बसला तर मला घास जायचा न्हाई.

प्रांजल : म्हणून वारेला चप्पल बांधलीत?

गजराबाई : वजनानं उतरती. गोरक्षच्या बापाची हाय. माझी हलकी पडली असती.

प्रांजल : ती पायाला लागली की दचकते हो बिचारी. थांबा, ह्यांचा फोन आला. स्पीकरवर टाकते.

गोरक्ष : डॉक्टरशी बोललो. शिंगरू प्यालं का?

प्रांजल : नाही. वार पडायची आहे.

गोरक्ष : आये, वारंची वाट बघू नको! चीक आत्ताच पोटात गेला पायजे म्हणले. शिंगरू जन्मतं तवा रोगाला तोंड द्यायची ताकद अंगात नसतीच. ती चिकातनंच मिळती. उशीर झाला तर नुस्तं दूध प्याल्यागत, त्याचा उपेग न्हाई.

गजराबाई : अन् वार?

गोरक्ष : ओढायची न्हाई. लोंबती ती गाठ मारून वर घ्यायची, तिचा पाय पडू नये म्हणून. पोर तोंड लावंल तशी उतरती म्हणले. न्हाईच उतरली तर ते येतायत, हातातलं काम उरकलं की. अन् वजन-बिजन काय बांधायचं न्हाई.

गजराबाई : काय बी?

गोरक्ष : का? काय बांधलंस?

गजराबाई : काय न्हाई.

गोरक्ष : नाळेला राख नका लावू. कोनाड्यात आयोडीनची बाटली आणून ठेवलीय मी. चला, लिलावात आपल्या गाडीचा पुकारा झाला. करतो परत.

प्रांजल : ऐकलंत ना?

गजराबाई : त्यो फोनवर. घोडी माझ्या म्होरं हाय.

प्रांजल : आत्या, तुमच्या माहेरी मेंढरं होती. रानात मेंढी व्याली की कोकरू बांधून ठेवायचात?

गजराबाई : कशाला बांधतोय? कळप म्होरं चाललेला. कोकरू उठलं की सडाला.

प्रांजल : आणि मेंढीची वार?

गजराबाई : पडायची की मागनं, चालता चालता.

प्रांजल : मग?

गजराबाई : बघतीस काय माझ्याकडं? सोड दोर. अन् ती चप्पल बी सोड आधी.

प्रांजल : सोडली. गाठ मारली. नाळेला औषध लावलं. चल रे बाळा, ऊठ. हं, असं. आई गं! लाथ झाडली हिनं!

गजराबाई : सर मागं! पहिलटकरीण हाय, गुदगुल्या व्हत्यात तिला. मी खांद्याला उभी ऱ्हाते, माझा वास कळतो तिला. ए हरणे, ए माझे बाय, सडं तटतटल्यात नव्हं तुझी? व्हतं गं असं. प्रांजल, कोमट पाण्यानं पूस अन् दोन धारा काढ. कडंनं उभी ऱ्हा, मागं नको.

प्रांजल : निघाला! किती दाट आहे हो.

गजराबाई : बोटानं त्याच्या ओठाला लाव.

प्रांजल : चाटलं! अरे, माझं कोपर चोखतंय हे.

गजराबाई : चोखू दे. भूक हाय तवर जीव हाय. त्याचं डोकं धरून ओढू नको, मागं सरतंय मग. शेपटीच्या मुळाशी खाजव.

प्रांजल : शेपटीशी?

गजराबाई : आई चाटती तसं. कोकरू प्यायचं न्हाई तवा आमी असंच करायचो. आपसूक मुंडी वर करतंय.

प्रांजल : आता तिचा गुडघा धरलाय. अरे नाही रे. आता भिंत! भिंतीला काय आहे, राजा?

गजराबाई : चिडू नको. शौर्य तरी कुठं लागला हुता नीट? तू रडत हुतीस.

प्रांजल : तुम्ही रडत होता.

गजराबाई : मधाचं बोट घेऊन रडत हुते, बरं का. खाजव तू.

प्रांजल : मिळालं. आत्या, मिळालं!

गजराबाई : सुटलं.

प्रांजल : परत धरलं. आवाज येतोय बघा, चुक चुक.

गजराबाई : शेपटी कशी हालतीय! आता खरं पितंय. हरणीनं बी पाय ढिला सोडला. हुंग, बाय, हुंग. तुझंच हाय.





प्रांजल : आत्या, मागं बघा, मागं.

गजराबाई : पडली? अगं, पडली की वार! पाटीत भर, कुत्रं वढून नेईल. डॉक्टरला दाखवू, सगळी आली का बघंल तो. बसते मी जरा हितंच.

प्रांजल : फोन वाजतोय. हॅलो? अहो, पितंय! आणि वार पण पडली.

गोरक्ष : खरं का? बरं झालं, बाबा. लिलाव कवा झाला मला कळलं न्हाई, नुस्ता उभा व्हतो. आये, घोडी का घोडा?

गजराबाई : आं?

गोरक्ष : नर का मादी? हितं सगळे इचारत्यात. म्होरं घाटात पळवायला मादीच पायजे.

प्रांजल : आम्ही बघितलंच नाही.

गोरक्ष : सकाळधरनं पुसताय त्याला, अन् बघितलं न्हाई? काय बाया राव तुमी! शेपूट उचलून बघा की.

प्रांजल : थांबा, बघते.

गजराबाई : हात लावू नको त्याला. पितंय.