टी-पेशींची उलटतपासणी

...आणि वर मलाच सांगतात, शंका घेऊ नका! अहो, बावीस वर्षं मी विम्याचे दावे तपासतोय, शंका घेण्याचाच पगार मिळतो मला...

तुम्हाला सांगतो, डासांमुळे होणाऱ्या त्या तापाची नवी लस आली, हॉस्पिटलात तिचा अभ्यास चालू होता. मेहुणी त्याच तापाने आठ दिवस आयसीयूत होती, तिला पाहून आल्यापासून हिचं कशात लक्ष लागेना, म्हणून दोघांनी नावं दिली, लस घेतली. सहा महिन्यांनी तपासणी. डॉक्टरीणबाई म्हणतात, रक्तातल्या अँटिबॉडी बऱ्याच उतरल्यात, पण काळजी नको, टी-पेशी असतात, त्या विषाणूला लक्षात ठेवतात, तो पुन्हा येऊन एखाद्या पेशीत लपला तर हुडकून ती पेशीच मारून टाकतात. आता बघा, माझ्यासमोर दुकान जळालेला माणूस येतो आणि म्हणतो, 'साहेब, कागद जळाले, पण सगळं लक्षात आहे हो.' अगदी तोच सूर! शंका येणार की नाही, तुम्हीच सांगा?

विचारलं, त्यांच्या लक्षात आहे हे कळतं कसं? तर म्हणे, त्या पेशी ताटलीत ठेवायच्या, विषाणूचे तुकडे दाखवायचे, जी ओळखेल तिच्या जागी ठिपका उमटतो. आणि एवढ्याशा ठिपक्यांसाठी रक्त किती? माणशी सहा नळ्या! शंका येणार की नाही?

मग मी... सांगू नये, पण सांगतो. आमच्या नळ्या दोन पिशव्यांत ठेवल्या होत्या, नंबर चिकटवायचे बाकी होते. सिस्टर कापूस आणायला वळल्या आणि मी पिशव्यांची अदलाबदल केली. म्हटलं, पकडतात का बघू, नाहीतर आकडे मनानेच ठोकतात हे सिद्ध!

दोन आठवड्यांनी बोलावलं. हिचे ठिपके एकशे ऐंशी, माझे चार. बाई म्हणाल्या, 'तुमच्या पेशींनी लस मनावरच घेतली नाही. जपून राहा.' कुणाला पत्ता नव्हता! मनातल्या मनात मी टाळी वाजवायला गेलो, आणि हात तसेच राहिले... अहो, ते चार हिचे होते! आणि ही माझ्या हातावर हात ठेवून म्हणतेय, 'घाबरू नका, मी आहे ना.' आमच्या खालच्या मजल्यावर दोघं त्याच तापाने पडलेले...

म्हटलं, 'डॉक्टर, ते चार हिचे आहेत. पिशव्या मी बदलल्या.'

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हिने हात काढून घेतला.

'का?' बाईंनी विचारलं.

म्हटलं, शंका आली.

पुन्हा रक्त घेतलं, मला दाराबाहेर बसवून. हिचे ठिपके पाच. लगेच तिला आणखी एक डोस दिला, आणि महिनाभराने आकडा आला एकशे चाळीस. त्या दिवशी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून मी रडलो, खोटं नाही सांगत. अभ्यासातून माझं नाव मात्र कापलं. शेरा काय, तर 'सहभागी विश्वासार्ह नाही'. बावीस वर्षं हा शेरा मी इतरांच्या फायलीवर मारतोय हो...

आणि घरी? घरी मी चहा केला की ही दोन्ही कपांकडे बघते, माझ्या हातातला कप काढून घेते आणि तिचा मला देते. तिला शंका येणार की नाही, तुम्हीच सांगा.