पडद्यावरचा ळ

आत्या : हसू नका हो! पोर रडकुंडीला आलीय आणि तुम्ही दात काढताय.

काका : मी कुठे हसतोय? वाचतोय. हा ग आहे ना? भिंतीकडे तोंड करून उभा केलेला ग. काय खोडी काढली होती याने?

भाची : आत्या, सांग ना यांना! अख्खा आठवडा रबर कोरत बसले होते मी. क, ग, च, प, ळ. एकेक ठसा कसा सुबक! आणि कापडावर उमटवले तर सगळी वर्णमाला पाठमोरी.

आत्या : ठसा उलटा कोरायचा असतो, हे कॉलेजात सांगितलं नाही?

भाची : सांगितलं ना. पहिल्याच दिवशी. पण कोरायला बसलं की अक्षर इतकं गोड दिसायला लागतं, विसरायलाच होतं!

काका : आणि हा प बघितलास? उलटा झाला आणि थेट इंग्रजीतला पी झाला. घराण्याचं नाव काढणार हा.

भाची : आत्या! तू पण?

आत्या : नाही गं, ठसका लागला.

भाची : हसा, हसा. चार वाजता सर बघणार आहेत. मुलांच्या दवाखान्यातला पडदा, हाच माझा वर्षाचा प्रकल्प. मागच्या वेळी नापास केलंय. आता नापास झाले तर बाबा म्हणालेत, हे कापड छापायचं खूळ बंद.

आत्या : तुझ्या बाबाला ग गिरवायला मीच शिकवलंय. तोही उलटाच काढायचा. तू आधी नाक पूस. अगं, त्या हाताने नको... झालं! निळं नाक!

काका : शोभतंय. राहू दे.

आत्या : नवीन रबर आणायचं का?

भाची : आणलं तरी कोरायला वेळ कुठाय? हा तर नुसता नमुन्याचा तुकडा. खरा पडदा अजून कोराच पडलाय.

काका : एवढं काय त्यात? कापड पलटी करा. चांगलं पातळ आहे, रंग पार मागे उतरलाय. हे बघ, ग शहाण्यासारखा समोर बघायला लागला.

भाची : हो की! काका, तुम्ही म्हणजे... नाही. नाही हो. पडदा तपासणीच्या खोलीच्या दाराला लागणार. मुलं बाहेर बाकावर बसणार, मग आत जाणार. बाहेरून सरळ दिसला की आतून उलटा.

आत्या : थांब, थांब. म्हणजे तू ठसे बरोबर कोरले असतेस, तरी?

भाची : तरी... एका बाजूने उलटेच! अगं आई गं! म्हणजे चुकले नसते तरी चुकलेच असते!

काका : चुकीच्या पोटात चूक. जुळं आहे.

आत्या : हसतेयस का रडतेयस?

भाची : मलाच कळत नाहीये!

आत्या : बरं, इकडे ये. हे कोपऱ्यातलं वाच.

भाची : ळ.

आत्या : आता तिकडून, मागच्या बाजूने.

भाची : ळ. आत्या! ळ!

आत्या : जन्म गेला माझा पहिलीच्या मुलांना अक्षरं शिकवण्यात. क उलटा काढतात, च उलटा काढतात. पण उलटा ळ काढणारं मूल मला अजून भेटायचंय. काढणार तरी कसा? दोन्हीकडून सारखाच तो.

काका : ठ पण तसाच असतो.

भाची : ठ कोरलेलाच नाहीये. काका, पडदा पसरा. अहो, कोपर! कोपर रंगात!

(तिघंही जेवणाच्या टेबलाभोवती. ळचा ठसा हातोहात फिरतो आहे.)

आत्या : एक ठसा, ळचा एक शब्द. हात चालला की भीती पळते. बाळ!

भाची : शाळा!

काका : केळं!

भाची : दुसरी ओळ अर्धा ठसा सरकवून, आणि ळ डोक्यावर उभा. ढवळाढवळ!

काका : त्यात दोन आले. दोनदा मार.

आत्या : पिवळा!

काका : धांदल!

आत्या : त्यात ळ कुठाय?

काका : माझ्या धांदलीत आहे.

भाची : थांबा! हे बघा. वरची रेघ म्हणजे भुवया. मधला दांडा नाक. खाली चष्म्याच्या दोन गोल काचा. आत्या, हे काका आहेत! अख्ख्या पडद्यावर काका!

काका : बिचारी आजारी मुलं.

आत्या : पुरे, पुरे, पोट दुखायला लागलं! अहो, इस्त्री तापवा. गरम इस्त्री फिरली की रंग पक्का. आणि तू इकडे बघ. मी आता तुझे सर. हं, एवढ्या पडद्यावर एकच अक्षर का?

भाची : सर, या रचनेतून मला बालमनाच्या अवकाशाचा...

आत्या : कशाचा?

काका : अवकाशाचा. फार मोठा असतो तो.

आत्या : थाप मारताना सगळ्या मुलांची मान अशीच ताठ होते. पुन्हा. एकच अक्षर का?

भाची : सर... बाकीची उलटी आली.

आत्या : मग?

भाची : मग कळलं, सरळ कोरली असती तरी आतल्या बाजूने उलटीच दिसली असती. म्हणजे आत जाणारं मूल नीट वाचणार आणि बाहेर येणारं बुचकळ्यात पडणार. आणि बाहेर येणारं तर सुई टोचून घेऊन येतं, सर. त्याला तरी सगळं उलटंपालटं दिसू नये. आत जाताना जे होतं, तेच बाहेर येताना असावं. म्हणून.

काका : अगं, इस्त्री तापलीय.

आत्या : असू दे जरा. हे कधी ठरवलंस गं?

भाची : ठरवलं नाही. आत्ता बोलता बोलता आलं.

आत्या : मग पाठ नको करूस हं.