औषधाच्या विमानाचा माळ

ऐका पोट्टेहो. हसू नका बरं! हसायची गोष्ट नाही ही.

खालच्या मोहल्ल्यातला उकंडा अंधार पडल्यावर घरातून निघाला. बायको अडली होती त्याची, देवका. शेजारच्या गावातून बयनाबाई सुईण आणायची होती. जाताना सडकेनं गेला. येताना मात्र धीर सुटला गड्याचा. "मावशी, माळानं चाल, लवकर पोचू. घरी देवका तग धरत नाही आता."

आता हा माळ कोणता? कपाशीवर औषध मारणारं विमान जिथून उडायचं, तो. टोकाला एक गडी उभा राहायचा. गुरं बाजूला झाली की पांढरं फडकं हलवायचा, मग विमान धावायचं. एका सकाळी गाय आली आडवी. गड्यानं तिला हाकलायला खांद्यावरचा दुपट्टा झटकला. झालं! पायलटाला वाटलं, रस्ता मोकळा. गाय दिसली तेव्हा उशीर झालेला. औषधानं भरलेलं जड विमान, वर उठलंच नाही! बाभळीत घुसलं. पायलट जागीच गेला बिचारा.

हे सगळं उकंड्याला ठाऊक होतं. पण घाईत माणसाला काय आठवते, सांगा?

माळावर पाय ठेवला आणि औषधाचा उग्र वास आला. डोळे चुरचुरले. मग घरघर! दूर कुठंतरी, बारीक.

"मावशी, ऐकू येते का?"

"मुकाट चाल."

चालले. तर समोर गाय! पांढरीफटक. डावीकडं वळले, गाय समोर. उजवीकडं वळले, गाय समोरच. पापणी हलत नाही तिची! उकंडा रडकुंडीला आला. तिकडं बायको मरते, इकडं ही हलत नाही. "हट्! हट्!" म्हणत त्यानं दुपट्टा काढला आणि झटकला.

अरे बाप्पा! माळ हादरला. दोन दिवे पेटले आणि थेट अंगावर धावत आले! उकंड्याचे पाय जमिनीला चिकटले. दिव्यांच्या वर चष्मा लावलेलं तोंड दिसलं त्याला. हसत होतं. आता उडणार, म्हणून खुशीत होतं हो ते!

बयनाबाईनं दुपट्टा हिसकला, पोटाशी दाबला आणि ओरडली, "थांब रे लेकरा! गाय हाय आडवी! थांब!"

गपकन सगळं बंद. दिवे नाहीत, गाय नाही. नुसता वारा डोक्यावरून गेला.

देवका वाचली, पोरगीही वाचली. दुपट्टा मात्र कितीदा धुतला, वास जाईना. शेवटी पुरला.

म्हणून सांगतो, सडकेनं जा, उशीर झाला तरी चालंल. त्या माळानं जाऊ नका. तिथं तो पायलट अजून बसला आहे, कोणी कापड हलवते का बघत.